काकांची पीडीपी-11 आणि तिची खोटी डिस्क

आरडी-53 ही जुनी हार्ड डिस्क अडकली की तिची लक्षणं ठरलेली असतात. मोटर सुरू होते, आवाज चढत चढत एका पट्टीत स्थिरावतो, आतून एक दबकी टिकटिक येते आणि मग मोटर आपली आपणच उतरते. रेडीचा दिवा काही लागत नाही. सांगलीत गावभागातल्या एका माडीवर काकांच्या मायक्रोपीडीपी-11/73 या जुन्या संगणकामधून हाच आवाज आला आणि मी मनात म्हटलं, चला, प्लेटा, म्हणजे डेटा धरणाऱ्या चकत्या, तरी फिरताहेत. बेअरिंग जाम झालं असतं तर पुढचं काही लिहायला उरलंच नसतं.

रोग माहितीतला आहे. ही ड्राइव्ह बंद होताना हेडचा, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा, दांडा आतल्या एका रबरी टेकूवर जाऊन विसावतो. तीस-पस्तीस वर्षांत त्या रबराची काकवी होते आणि दांडा तिला चिकटून बसतो. पुढच्या वेळी वीज दिली की दांडा हलवणारी व्हॉइस कॉइल तो ओढू बघते, तो जागचा हलत नाही, सर्किट थोडा वेळ वाट बघतं आणि नाद सोडतं. प्लेटा ठणठणीत, हेड ठणठणीत, डेटा जागच्या जागी, आणि तरी डिस्क मेलेली.

काका माझे नात्याने कुणी नव्हेत. मी कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो; जुने सीएनसी कंट्रोलर, सर्व्हो ड्राइव्ह, पॉवर सप्लाय असला सगळा पसारा. काका जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागातून निवृत्त झालेले. 1980 च्या दशकाच्या शेवटी कारखान्याने ऊस बिलांसाठी हे मशीन घेतलं होतं. पुढे पीसी आले, नेटवर्क आलं, हे कोपऱ्यात गेलं आणि एके दिवशी निर्लेखित होऊन भंगाराच्या लिलावात निघालं. काकांनी ते वजनावर घेतलं. त्या पैशांत तेव्हा चांगलं लोखंडी कपाट आलं असतं, असं काकू अजून ऐकवतात. माडीवर होतं म्हणून 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांतून सुटलं. खाली असतं तर मी आज बोर्डांवरची माती खरवडत बसलो असतो.

पीडीपी-11 हे डेक या अमेरिकन कंपनीचं 16 बिटांचं घराणं, पहिलं मशीन 1970 चं. सुरुवातीची मॉडेलं माणसाएवढ्या रॅकमध्ये बसायची. 11/73 येईपर्यंत सगळा प्रोसेसर जे-11 नावाच्या चिपमध्ये मावला होता आणि अख्खं मशीन टेबलाशेजारी उभ्या राहणाऱ्या पेटीत आलं होतं. पेटीत एक आरडी-53 हार्ड डिस्क, 71 एमबीची, आणि आरएक्स-50 फ्लॉपी, प्रत्येकी 400 केबीची. वर व्हीटी-220 टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. सप्लायचे कपॅसिटर आधी बाहेर काढून तपासले, दोन बदलले, खोटा लोड लावून व्होल्टेज बघितली, मगच कार्डं परत बसवली. हे माझं रोजचंच काम, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा वाद झाला तो काय वाचवायचं यावर. काकांचं म्हणणं सरळ होतं. "अरे, माझे प्रोग्राम आणि डेटा तेवढा काढून दे पेनड्राइव्हवर. मशीनचं काय लोणचं घालायचंय?" त्यांच्या नातवाने त्यांना लॅपटॉपवर सिमएच दाखवलं होतं. सिमएच म्हणजे बॉब सुपनिक या डेकमधल्याच माणसाने 1993 पासून उभं केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. त्यात अख्खी पीडीपी-11 लॅपटॉपच्या पोटात चालते, डिस्क म्हणजे एक फाइल. त्यामुळे डिस्क वाचली की सिमएचला जोडायची आणि झालं, असं काकांना वाटत होतं. मला मात्र ते मशीनच चालताना बघायचं होतं, आणि दुसरं म्हणजे डेटा 'तेवढा' काढता येत नाही हे मला ठाऊक होतं.

ते का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आरडी-53 ला आपण कोणता सेक्टर, म्हणजे डेटाचा कोणता ठरलेला तुकडा, वाचतोय हे ठाऊकच नसतं. तिची जोडणी एसटी-506 पद्धतीची: एक 34 तारांची केबल हुकमांची आणि एक 20 तारांची डेटाची. कंट्रोलर, म्हणजे संगणकातलं डिस्क चालवणारं कार्ड, तिला एवढंच सांगतो, की अमुक हेड निवड, एक पाऊल आत जा, एक पाऊल बाहेर ये, आता लिही. ती एवढंच सांगते, की मी तयार आहे, पोचले, शून्य ट्रॅकवर (प्लेटेवरच्या पहिल्या वर्तुळावर) आहे, आणि दर फेरीला एकदा इंडेक्सची पल्स. बाकी 20 तारांच्या केबलवरून येतात त्या नुसत्या पल्स. चुंबकीय दिशा जिथे पालटली तिथे एक. सेक्टर कुठे सुरू झाला, त्याचा नंबर काय, चेकसम बरोबर का, हा सगळा संसार कंट्रोलर कार्डाचा. आमच्या पेटीतलं कार्ड आरक्यूडीएक्स-3. दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर लिहिलेली डिस्क याला वाचता येत नाही आणि याची डिस्क जुन्या पीसीच्या कार्डाला जोडली तर ती कोरी दिसते. वर आरक्यूडीएक्स-3 डिस्कचा थोडा भाग स्वतःच्या हिशेबासाठी राखतं, खराब ब्लॉकच्या बदली ब्लॉक देतं आणि हे सगळं पीडीपीला कळूही देत नाही.

म्हणून माझं ठाम मत झालं, की आधी पल्स जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या. त्यांचा अर्थ नंतर लावता येतो, पुन्हा पुन्हा लावता येतो. अर्थ लावूनच उतरवलं आणि तेव्हा काही सुटलं, तर डिस्क दुसऱ्यांदा फिरेलच याची खात्री कोण देणार?

यासाठीच डेव्हिड गेसवाइन यांनी बनवलेला एमएफएम एमुलेटर आहे. एमएफएम ही अशा जुन्या डिस्कांची बिट लिहायची पद्धत, आणि एमुलेटर म्हणजे डिस्कचं सोंग घेणारं यंत्र. बीगलबोन ब्लॅक नावाच्या छोट्या लिनक्स बोर्डावर बसणारं कार्ड आणि त्याच्याबरोबरचे सी भाषेतले प्रोग्राम. सर्किटचे आराखडे आणि कोड दोन्ही खुले. एकच कार्ड दोन्ही कामं करतं: खरी ड्राइव्ह जोडली तर ते कंट्रोलर बनून तिला वाचतं, कंट्रोलरला जोडलं तर स्वतःच ड्राइव्ह बनतं. क्यूबोन नावाचाही एक खुला पर्याय आहे, तो थेट पीडीपीच्या क्यू-बसमध्ये, म्हणजे कार्डं बसायच्या खाचांत, कार्ड म्हणून बसतो आणि कंट्रोलर व डिस्क दोन्हींची सोंगं घेतो. चांगलं काम आहे ते. पण आमचं आरक्यूडीएक्स-3 धडधाकट होतं, त्याला घरी बसवायचं कारण नव्हतं, आणि वाचण्यासाठी गेसवाइन यांचं कार्ड लागणारच होतं. कोरा पीसीबी आणि सुटे भाग मागवून घरीच जोडलं. सरफेस माउंटचं सोल्डरिंग येत असेल तर अवघड काही नाही.

ड्राइव्ह उघडायची वेळ आली तेव्हा प्रश्न जागेचा होता. हार्ड डिस्क उघडी करायची तर धूळ नको, आणि आमच्या गावात हळदीच्या पेठेवरून वारा आला की टेबल दुपारपर्यंत पिवळं पडतं. मार्ग सापडला मोबाइलवाल्याकडे. एसटी स्टँडजवळ माझा एक मित्र मोबाइलचे डिस्प्ले बदलतो. काच चिकटवताना कण अडकू नये म्हणून त्याच्याकडे गाळलेली हवा पुढे सोडणारी काचेची पेटी आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर त्या पेटीत आरडी-53 चं झाकण काढलं.

आत अगदी वर्णन केल्याबरहुकूम. प्लेटा आरशासारख्या लख्ख आणि एका कोपऱ्यात तो काळा टेकू, चकाकणारा, ओलसर. प्लॅस्टिकच्या काडीने दांड्याला हळूच रेटा दिला. तो लगेच सुटला नाही. आधी टेकूपासून एक काळी तार ताणली गेली, मग ती तुटली आणि दांडा मोकळा झाला. हेड जिथे टेकतात त्या पट्ट्याच्या बाहेर दांडा जाऊ द्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं. टेकूवर कॅप्टॉन टेपचा (एक पातळ चिकटपट्टी) तुकडा गुंडाळला, म्हणजे पुन्हा चिकटायला नको. रबर काढून टाकायचा मोह होतो, पण तो काढताना त्याचे लोंबते धागे प्लेटांवर पडले तर सगळंच संपलं. मित्र पाठीमागून बघत होता. म्हणाला, "एवढ्या मोठ्या डब्यात किती जीबी बसतात?" एकाहत्तर एमबी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती काकूंचीच.

झाकण लावून ड्राइव्ह माझ्या दुकानी आणली आणि कार्डाला जोडली. पट्टीत आवाज आला, मग एक खणखणीत 'टक', आणि रेडी. अशी ड्राइव्ह सुटली की फार भरवसा ठेवायचा नसतो. उद्या बघू म्हणून झोपायला जायचं नाही. लगेच वाचायला घेतली.

वाचायच्या प्रोग्रामला आधी नुसतं विश्लेषण करायला सांगता येतं. तो काही ट्रॅक वाचून स्वतःच ओळखतो की लिहिणारा कंट्रोलर कोणता, सेक्टर किती, हेड किती. त्याने बरोबर सांगितलं: 1024 सिलिंडर (सगळ्या प्लेटांवरचे एकाखाली एक येणारे ट्रॅक), 8 हेड, ट्रॅकला 17 सेक्टर. मग खरं वाचन. ते तीन फायली बनवू शकतं. पहिली पल्सची, म्हणजे दोन पल्समध्ये किती वेळ गेला याची नुसती नोंद. दुसरी एमुलेटरला वाजवायला लागणारी बिटांची. तिसरी सेक्टरमधल्या अर्थ लावलेल्या डेटाची. तिसरी सगळ्यात लहान आणि काकांना हवी होती तीच. मला हवी होती पहिली.

सुरुवातीचे सिलिंडर सरसर गेले. मग मधूनमधून अडखळायला लागलं. एखादा सेक्टर चुकला की प्रोग्राम तो ट्रॅक पुन्हा पुन्हा वाचतो. हेड बाजूला नेऊन परत आणलं की दांडा केसभर वेगळ्या जागी थांबतो आणि मघाशी न आलेला सेक्टर कधीकधी येतो. ड्राइव्ह तापल्यावर चुका कमी झाल्या, हे मला जुन्या सर्व्होंच्या अनुभवावरून नवं नव्हतं. थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा, अशा दोन्ही नोंदी ठेवल्या. शेवटी 1,39,264 सेक्टरपैकी 11 हट्टाने आले नाहीत. पस्तीस वर्षांच्या डिस्कला हे उत्तम म्हणायचं. त्यानंतर ड्राइव्ह बंद केली आणि पुन्हा चालू केलेली नाही.

आता उलट बाजू. कार्डाचे जंपर बदलून ते पेटीत आरडी-53 च्या जागी लावलं. या पेटीत पहिल्या हार्ड डिस्कचं ड्राइव्ह सिलेक्ट तिसऱ्या जागी असतं, तेच एमुलेटरला सांगितलं. केबल त्याच, टर्मिनेटर कार्डावरच.

इथे एमुलेटरचं काम काय आहे ते बघण्यासारखं आहे. खरी डिस्क मिनिटाला 3600 फेरे घेते, म्हणजे एक फेरा 16.67 मिलिसेकंदांचा. त्या वेळात ट्रॅकवरच्या पल्स एकमेकींपासून 200, 300 किंवा 400 नॅनोसेकंदांच्या अंतराने आल्या पाहिजेत. या तीन अंतरांतच सगळी भाषा. 300 ची पल्स 350 ला आली तर कंट्रोलरने ती 300 समजायची की 400? लिनक्सवर चालणारा साधा प्रोग्राम इथे कामाचा नाही. मध्येच त्याला दुसरं काही सुचलं की तो कितीतरी मायक्रोसेकंद गायब असतो. बीगलबोनच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत, 200 मेगाहर्ट्झचे. एक सूचना 5 नॅनोसेकंदांत, आणि मध्ये कुणी बोलावून नेणारं नाही. पल्स मोजणं आणि सोडणं त्यांचं काम, फायली सांभाळणं लिनक्सचं. स्कोपचा प्रोब 20 तारांच्या केबलवर लावून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. खऱ्या ड्राइव्हच्या पल्स थोड्या थरथरायच्या. याच्या मोजून मापून.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मात्र काही झालं नाही. टर्मिनलवर तपासणी सुरू असल्याचा संदेश आला, मेमरी किती ते आलं, एक ते नऊ पायऱ्या मोजून झाल्या आणि मशीन डिस्क शोधून थकलं. कारण साधं: पीडीपी क्षणात तयार होते आणि एमुलेटरमधलं लिनक्स अजून डोळे चोळत असतं. 1980 च्या दशकातलं मशीन आजच्या बोर्डाची वाट बघतंय, हे बघून काका खूश झाले. एमुलेटरला वेगळा सप्लाय दिला, तो आधी चालू करायचा ठरवलं, आणि पीडीपीचं रीस्टार्ट दाबलं. या वेळी डीयू-0 वरून, म्हणजे पहिल्या डिस्कवरून, सुरू करत असल्याची ओळ आली, आरटी-11 या डेकच्या ऑपरेटिंग सिस्टिमने आपली आवृत्ती सांगितली आणि टिंब देऊन थांबलं. त्याचा प्रॉम्प्ट म्हणजे नुसतं एक टिंब.

इथे कच्च्या नोंदीचा फायदा उघड झाला. एमुलेटरवर कोरी डिस्क बनवली असती तर डेकच्या निदान प्रोग्रामांतला झेडआरक्यूसी नावाचा फॉरमॅटर आधी चालवावा लागला असता, तो फ्लॉपीवरून चढवावा लागला असता, मग फायली कशातरी आत ढकलाव्या लागल्या असत्या. आमच्याकडे फॉरमॅटसकट, कंट्रोलरच्या खासगी हिशेबासकट, बदली दिलेल्या खराब ब्लॉकसकट डिस्क होती. आरक्यूडीएक्स-3 ला काही बदललंय याचा पत्ताच नव्हता.

तारीख विचारली तेव्हा काका पुढे सरसावले. आजची तारीख टाकून उपयोग नाही. त्या काळच्या आरटी-11 ने वर्षासाठी पाच बिट ठेवलेत, 1972 पासून मोजून. पाच बिटांत जास्तीत जास्त 31, म्हणजे गाडी 2003 ला थांबते. काका म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मागे जा. वारसुद्धा जुळतात." आरटी-11 वार दाखवत नाही हे मी बोललो नाही. त्यांनी दोन बोटांनी तारीख टाकली.

मग ते न आलेले 11 सेक्टर. कोणत्या फायलींत पडलेत हे शोधायला मी लॅपटॉपवर कंट्रोलरचा सगळा नकाशा उलगडायची तयारी केली होती, पण त्याची गरजच पडली नाही. आरटी-11 च्या डिरेक्टरी आज्ञेला बॅडब्लॉक्स आणि फाइल्स अशी दोन शेपटं लावता येतात. मग ते अख्खी डिस्क वाचून काढतं आणि जो ब्लॉक वाचता येत नाही तो कोणत्या फायलीतला, त्या फायलीतला कितवा, हे छापतं. नकाशा कंट्रोलरलाच ठाऊक होता, त्यालाच विचारलं. आरटी-11 मध्ये एका भागात 65,536 ब्लॉकपेक्षा जास्त मावत नाहीत, म्हणून 1,38,672 ब्लॉकच्या या डिस्कचे काकांनी तीन भाग केले होते: दोन पूर्ण आणि एक उरलासुरला 7,600 ब्लॉकचा. तिन्ही भाग तपासले. बहुतेक खराब ब्लॉक मोकळ्या जागेत निघाले, काही एका जुन्या बॅकअप फायलीत. एक मात्र नेमका मुख्य प्रोग्रामच्या फोरट्रान भाषेतल्या सोर्समध्ये, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरात.

आरटी-11 मध्ये फायलीचं नाव सहा अक्षरांचं, पुढे तीन अक्षरांचं शेपूट. तीन अक्षरं मिळून 16 बिटांचा एक शब्द होतो, कारण 40 गुणिले 40 गुणिले 40 म्हणजे 64,000, आणि 16 बिटांत 65,536 मावतात. या सहा अक्षरांत काकांनी रोमन लिपीत 'ऊसबिल' चपखल बसवलं होतं. त्याचं चालणारं रूप शाबूत होतं. फक्त सोर्समधला एक ब्लॉक, 512 अक्षरांचा, म्हणजे दहा-पंधरा ओळींचा, गेला होता. फाइल डिस्कवर सलग ठेवायची आरटी-11 ची पद्धत असल्याने भोकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं व्यवस्थित हाताला लागलं.

"थांब," म्हणून काका आतल्या खोलीत गेले आणि ट्रंक ओढत आले. हिरव्या पट्ट्यांच्या सलग कागदावरचं लिस्टिंग, कडेची भोकं अजून तशीच. पानं उलटत त्यांनी जागा शोधली. गेलेल्या ओळी नेमक्या कपातींच्या होत्या: तोडणी-वाहतूक, सोसायटी वसुली, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. "कपात गेली म्हणजे शेतकरी खूश झाला असता," काका म्हणाले. केड एडिटर उघडून त्यांनी त्या ओळी परत टाकल्या. व्हीटी-220 च्या कीपॅडवरची सोनेरी की कुठली हे मला मॅन्युअलमध्ये बघावं लागलं, त्यांना नाही.

सोर्स दुरुस्त व्हायच्या आधीच आम्ही जुनं रूप चालवून बघितलं होतं. पंधरवडा विचारला, गट क्रमांक विचारला आणि पडद्यावर बिलं उतरायला लागली. गाव, टनेज, दर, कपाती, निव्वळ रक्कम. तेव्हा उसाचा सरकारी किमान दर म्हणजे एफआरपी नव्हती, तिच्या आधीची एसएमपी होती. तो दर आकडा म्हणून कोडमध्येच ठोकलेला आहे, दर हंगामात काका तो बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचे. मी नाक मुरडलं. काका म्हणाले, "शेतकी ऑफिसातल्या माणसाला दराची फाइल उघडता येऊ नये म्हणूनच तो आत ठेवला होता. चिटबॉयपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना दर पाठ, पण कॉम्प्युटरमधला बदलायचा तर माझ्याकडेच यावं लागायचं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट तिथेच ठरवून टाकली. डिस्कवर शेकडो शेतकऱ्यांची नावं आहेत, कुणाचं सोसायटीचं कर्ज किती तेही आहे. ही इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब फाइल, कुणाला द्यायची नाही, नमुना म्हणूनसुद्धा नाही. जुन्या मशीनच्या हौशी लोकांत इमेज वाटायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण आरटी-11 वेगळं आणि कुणाच्यातरी आजोबांची उधारी वेगळी.

लाइट जाण्याची भीती मला सगळ्यात जास्त होती. एमुलेटरवर पीडीपीने काही लिहिलं की ते आधी मेमरीत आणि मग फायलीत जातं. मध्येच वीज गेली तर? कार्डावर यासाठी सुपरकपॅसिटर आहेत. वीज गेल्याचं कळताच उरलेलं लिहून लिनक्स नीट बंद होईपर्यंत ते दम धरतात. कागदावर हे सगळं छान वाटतं, म्हणून मुद्दाम एक मोठी फाइल कॉपी करायला लावून मेन स्विच खाली ओढला. परत चालू केल्यावर कॉपी होत असलेली फाइल अर्धी, म्हणजे डिरेक्टरीत नोंदच नाही, बाकी डिस्क शाबूत. खऱ्या आरडी-53 वर हा प्रयोग करायची माझी छाती झाली नसती. एमुलेटरच्या फायलीच्या प्रती तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक काकांच्या नातवाकडे पुण्यात.

नातवाने सिमएचचा हट्ट सोडला नाही, तेही बरंच झालं. त्याला तिसरी, डेटाची फाइल दिली. ती सरळ लावून चालत नाही, कंट्रोलरचा राखीव भाग आणि सेक्टरांचा क्रम सांभाळावा लागतो. तो त्यावर स्क्रिप्ट लिहितोय. मी त्याला सोपा मार्ग सांगितला: चालत्या पीडीपीवरूनच सिरियल पोर्टने फायली काढ. त्याला तो फसवणुकीचा मार्ग वाटतो. वय आहे.

दुरुस्त सोर्स कंपाइल करायला घेतला आणि जागा नाही म्हणून आरटी-11 अडलं. मोकळी जागा भरपूर, पण तुकड्यातुकड्यांत. त्याला सलग लागते. यावर स्क्वीझ ही आज्ञा आहे, ती सगळ्या फायली पुढे सरकवून मोकळी जागा मागे एकत्र करते. ही आज्ञा काका हंगाम चालू असताना कधीच द्यायचे नाहीत. मध्येच वीज गेली तर अर्ध्या फायली एका जागी आणि डिरेक्टरी दुसरंच सांगतेय अशी गत. आता पीडीपी बंद केली, लिनक्समध्ये फायलीची एक प्रत काढली आणि बिनघोर स्क्वीझ दिलं.

बराच वेळ झाला, टिंब काही येईना. काकूंनी भडंग आणून ठेवलं, तेही संपत आलं.

"काय रे, एवढं नवं लावलंस आणि वेळ तेवढाच?"

"तेवढाच लागणार काका. ती अजून मिनिटाला 3600 नेच फिरतेय."

"कोण फिरतेय? आत तर काहीच नाही."

मी पुन्हा पल्स आणि कंट्रोलर समजावायला लागलो, तर त्यांनी हात केला आणि विचारलं की हे कार्ड एकाच वेळी दोन ड्राइव्ह बनू शकतं, हे खरं का. खरं आहे. मग त्यांना दुसरी कोरी डिस्क हवी आहे, नव्या प्रयोगांसाठी. जुन्या डेटाला हात लावायचा नाही. म्हणजे आता तो झेडआरक्यूसी फॉरमॅटर लागणारच. त्यासाठी आरएक्स-50 ची फ्लॉपी लिहावी लागेल. पीसीच्या जुन्या 1.2 एमबीच्या ड्राइव्हवर ती लिहिता येते, आणि तशी ड्राइव्ह मिरजेत एका भंगारवाल्याकडे मी बघून ठेवली आहे.